आईच्या अंगणातली रानलसूण

डेल्फी : गाडीची काच खाली करा ना, आजोबा. वास येतोय.

हार्लन : येऊ दे की! रानलसणीचाच आहे, गटाराचा नाही. लहानपणी आम्ही ती खाऊन गेलो की मास्तर वर्गातून हाकलायचे. म्हणून तर मुद्दाम खायचो. हसली नाहीस? आणि बिल्ला कुठे गेला? आत्ताच तर फाटकावरच्या ऑर्फाबाईंनी लावला होता.

डेल्फी : खिशात आहे.

हार्लन : खिशात? हिवाळाभर डोकं खाल्लंस माझं. 'राष्ट्रीय उद्यानाचा बिनतिकिटाचा आठवडा कधी, मी बालरेंजर कधी होणार?'

डेल्फी : मी हात वर करून शपथ घेतली, आजोबा. इथलं काही उपटणार नाही, घरी नेणार नाही. आणि लगेच ऑर्फाबाई म्हणाल्या, 'रानलसणीचा वास कुठून येतोय गं?' तुमची पिशवी टेबलाला टेकलेली होती.

हार्लन : मग?

डेल्फी : मी म्हटलं, सकाळी अंड्यात घालून खाल्ली.

हार्लन : तुला कुणी सांगितलं होतं मध्ये बोलायला?

डेल्फी : तुम्ही बुटांकडे बघत होतात.

हार्लन : हे बघ पोरी. ते धुराडं उभं आहे ना झाडीत, ते आमच्या घराचं, तेवढंच उरलंय. ती लसूण माझ्या आईनं लावलेली. उद्यान करायचं म्हणून आम्हाला डोंगरावरून उठवलं. तेव्हा बाप म्हणाला, स्वतःच्या अंगणात जायला तिकीट काढणार नाही. मीही काढलं नाही कधी. वर्षातून हा एक आठवडा येतो, तेवढाच.

डेल्फी : मग हे ऑर्फाबाईंना का नाही सांगितलंत? लपवलीत का?

हार्लन : गप बस जरा.

डेल्फी : आणि मुळासकट का काढलीत? तुम्हीच शिकवलंत, मुळाच्या वर कापायचं, मूळ मातीत राहू द्यायचं. तुमची आई तसंच करायची म्हणालात.

हार्लन : वरून माणसं उतरत होती. चाकू उघडायला सवड नव्हती.

डेल्फी : सगळी उपटलीत?

हार्लन : सगळी. आईच्या अंगणात चोरासारखा... तू पट्टा लाव. वळवतोय मी.

(थोड्या वेळानं. उद्यानाच्या फाटकाजवळचं टेबल.)

ऑर्फा : अगं, परत? टोपी राहिली का तुझी?

डेल्फी : नाही, बाई. हा बिल्ला घ्या. मी तुमच्याशी खोटं...

हार्लन : थांब तू. बाई, पिशवी माझी आहे. पोर माझ्यासाठी खोटं बोलली आणि मी एवढा घोडा ऐकत उभा राहिलो.

ऑर्फा : कळलं होतं मला. जन्मभर शाळेत शिकवलं, हार्लनराव. तोंडाचा वास कुठला न् पिशवीचा कुठला, ते समजतं.

हार्लन : मग बोलला का नाहीत?

ऑर्फा : नातीसमोर तुमची मान खाली जायला नको म्हणून. माझंही चुकलंच. तिला हे ओझं घेऊन जावं लागलं. डेल्फी, इकडे ये बाळा. बिल्ला राहू दे तुझ्याकडे. खरं सांगायला परत आलीस ना?

डेल्फी : आजोबांना दंड होईल?

ऑर्फा : ते रेंजरसाहेब ठरवतील, मी इथं नुसती मदतीला येते. त्यांना आत्ता विचारते. पिशवी बघू. अजून ओली आहेत की मुळं! त्यांनी होकार दिला तर आजच परत लावा, जगतील.

हार्लन : जगतील?

ऑर्फा : जगतील. होकार आला की दोघंच जा, मी फाटकाशी थांबते. घर तुमचं आहे, मी कशाला मागे मागे येऊ?

हार्लन : नाही बाई, या तुम्ही. या वेळी मला कुणीतरी बघत असलेलं बरं.