बासष्टाव्या पानावरचा बुक्का

मंडळी, आज एकच सवाल विचारतो. मोठं काम माणूस अर्ध्यावर का सोडतो? अंगात बळ नसतं म्हणून? तसं असतं तर पैलवानांनी ग्रंथ लिहिले असते! ऐका, आपल्याच गावची गोष्ट सांगतो.

आपल्या वाचनालयात नऊ खंडांची एक कादंबरी आहे. राजे, जादूगार, उडते सर्प. उघडल्याबरोबर नकाशा आणि मिटताना वंशावळ! पहिला खंड चोळामोळा झालेला, तोही साठेक पानांपर्यंतच. पुढं कोरा करकरीत. दुसऱ्या खंडाला तर कुणी हातच लावला नव्हता. हेडमास्तर म्हणाले, नावं फार. कंपाउंडर म्हणाले, पानंच्या पानं नुसते घोड्यावरून चाललेत, लढाई कधी? सगळे शिकलेले हो!

आणि आल्या द्वारकाकाकू ढमढेरे. त्या तिथं तिसऱ्या रांगेत बसल्यात, लाजू नका काकू. वय बावन्न. दोन सालांपूर्वीपर्यंत रेशनच्या कागदावर अंगठा द्यायच्या, मग प्रौढ वर्गात अक्षर शिकल्या. ग्रंथपाल शिंत्रे गुरुजींनी त्यांच्यापुढं पातळ पुस्तक ठेवलं. काकू म्हणाल्या, जाडं द्या.

काकू पापड लाटायच्या गटात. दत्ताच्या मंडपात बारा बायका लाटतात. हात गुंतलेले, कान मोकळे. काकू बोट ठेवून मोठ्यानं वाचायला लागल्या आणि त्यांच्या वाटणीचे पापड बाकीच्या लाटायला लागल्या. तीन दिवस झाले. बायका कंटाळल्या. कोण कुठला, काही कळेना. म्हणाल्या, द्वारके, ठेव ते, त्यापेक्षा गाणी म्हणू.

काकू म्हणाल्या, "बायांनो, हे जर सोडलं ना, तर मी परत पुस्तक हातात धरायची नाही. माझा अंगठाच खरा होईल."

लाटणी थांबली. मग हौसाबाई, सत्तरीची म्हातारी, पीठ झटकत म्हणाली, "बरं, तो काळ्या घोड्यावरचा राणीचा कोण लागतो, तेवढं सांग."

काकूंनी वंशावळीचं पान काढलं. बोटानं शोधत शोधत म्हणाल्या, नणंदेचा दीर.

"मग असं सांग की! नाव कशाला हवं?"

संपलं! अहो, या बायका चाळीस गावांच्या सोयरिकी तोंडपाठ सांगतात. कुणाची मावससासू कुठं दिली, ते झोपेतून उठवून विचारा! त्यांना दोनशे माणसांचं काय भय? नावं गेली, नाती आली. राजपुत्राचं लग्न ठरलं तेव्हा हौसाबाई म्हणाली, हे व्हायचं नाही, दोघं एका आजोबांची नातवंडं आहेत. आणि चाळीस पानांनी पुस्तकानं तेच सांगितलं! जादूगारालासुद्धा जे ठाऊक नव्हतं, ते हौसाबाईला ठाऊक! मला अभिमान वाटतो मंडळी, या गावचा अभिमान वाटतो.

साडेतीन महिन्यांत पहिला खंड सरला. परत द्यायला बाराही जणी गेल्या. मीही तिथंच होतो, पेपर चाळत. काकूंनी खंड टेबलावर ठेवला आणि गुरुजींना आत कोण कुठवर आलं त्याच्या खुणा दाखवल्या. अठराव्या पानावर चहाचा डाग, तो कंपाउंडरांचा. एकेचाळिसाव्यावर तांबडी पेन्सिल, हेडमास्तरांची. आणि बासष्टाव्या पानावर काळा अंगठा. बुक्क्याचा!

आता या गावात रोज बोटाला बुक्का कुणाच्या असतो? हसा, हसा. मीच तो! कीर्तनात चिकाटीवर दोन-दोन तास बोलणारा मी, बासष्टाव्या पानावर पुस्तक मिटून परत देऊन आलो होतो. गुरुजींना सांगितलं होतं, भाषा जड आहे.

काकूंनी मला टोमणा मारला नाही. दुसरा खंड पोटाशी धरला, पहिला माझ्यापुढं सरकवला आणि म्हणाल्या, "बुवा, त्रेसष्टाव्यापासून चांगलं होतं बघा."

मान खाली गेली माझी. दुसऱ्या दिवशी मंडपात जाऊन बसलो. फुकट ऐकू देत नाहीत, पापड लाटावे लागतात! माझे वाकडे येतात. आता चौथा खंड चालू आहे.

तर मंडळी, मी माझं पान सांगितलं. आता घरी जा आणि आपापलं काढून बघा. शिवण असेल, शिक्षण असेल, सख्ख्या भावाशी बोलणं असेल. तुमचा अंगठा कुठल्या पानावर उमटलाय? सापडला की तिथून एकच पान पुढं जा. आणि टाळी वाजवायचीच असेल तर माझ्यासाठी नको, तिसऱ्या रांगेकडं तोंड करून वाजवा.