पाचवा तारा

आजोबा: व्हिडिओ मागे घे. अजून थोडं. हां, इथं थांबव. आता माझी मान बघ.

आई: बघितली, बाबा.

आजोबा: कुठली बघितलीस? तू दाराकडे बघतेयस. मान बघ. हनुवटी छातीला टेकलेली आणि दोन्ही तळवे पाठीच्या आधी खाली. तो जो फाडकन आवाज आला ना, तो तळव्यांचा. लोकांना वाटतं कणा मोडला. त्या काळच्या कुस्तीत असं पडणं तिघांनाच जमायचं. मला, मास्तरला आणि मला पाडणाऱ्या ह्या पोस्टमनला.

आई: आणि हत्ती पैलवानाला?

आजोबा: हत्ती पडायचा नाही. त्याला खाली ठेवावं लागायचं, कपाट उतरवतात तसं. पाचपैकी दीड तारा. तोही त्याच्या मिशांना.

आई: आपल्या पॉडकास्टचे श्रोते दगड मारतील. हत्तीचे चाहते अजून जिवंत आहेत.

आजोबा: मला दगडांचं काय नवल? चपला खाल्ल्या, नाणी खाल्ली, एकदा तर कुणीतरी आपली कवळी फेकली. खेळ संपल्यावर बिचारा शोधत आला. चालू कर तुझा तो माइक. ‘नमस्कार मंडळी, मी कोळसा, उगाळावा तितका काळाच.’ मग तू म्हण, ‘आणि मी त्याची लेक.’

आई: आज नको. खारू झोपलीय.

आजोबा: हळू बोलू.

आई: आज नाहीच जमणार. गेल्या वेळच्या त्या माणसाला उत्तर द्यायचं राहिलंय तेही पुढच्या आठवड्यात देऊ. तो म्हणतो, कोण जिंकणार हे आधीच ठरलेलं असतं, मग तारे कसले देता?

आजोबा: नाटकातला राजा रोज त्याच वेळी मरतो. तरी कुणी चांगला मरतो, कुणी नुसता आडवा होतो. सांग त्याला. आता हेच बघ ना, पोस्टमन मला उचलतोय असं वाटतं की नाही? प्रत्यक्षात मीच उडी घेतलीय. त्याची कंबर त्या दिवशी धरली होती. ओझ्यानं स्वतःहून वर जायचं आणि वाहणाऱ्याला वाहवा मिळू द्यायची, ह्याला म्हणतात कुस्ती. तू काय ऐकतेयस?

आई: तिचा श्वास. कुशीवर वळली तर प्लास्टर अंगाखाली येईल.

आजोबा: हात उशीवर आहे. आत्ताच बघून आलो. त्याआधी तू बघून आलीस. त्या खोलीकडे आता पायवाट पडेल.

आई: बाबा, तुमची बॅग दाराशी कशाला ठेवलीय?

आजोबा: पुढे चालू कर. आता तो तार टाकतो.

आई: बॅग, बाबा.

आजोबा: तार बघ आधी. मला खांद्यावर घेऊन चारी बाजूंना फिरतो, कुणाच्या नावची तार आली म्हणून विचारतो. पब्लिक काय ओरडतंय ऐक. कोळशाच्या! कोळशाच्या! आणि धाड! काय डाव होता. वाईट बातमी द्यावी तर अशी, वाजतगाजत.

आई: का भरलीत बॅग?

आजोबा: जावईबापूंचा फोन आला होता. तू आंघोळीला गेली होतीस.

आई: काय म्हणाला?

आजोबा: सभ्य माणूस आहे. आवाज चढवला नाही. म्हणाला, बाबा, तुमचंही वय झालं, तुम्ही आता तुमच्या घरी आराम करा. खारूला पाळणाघरात घालू. एवढ्याशा पोरीला सोफ्यावरून उड्या मारायला लावणं बरं नव्हे. संध्याकाळी पोचतोय, बाकीचं समोर बोलू.

आई: मग तुम्ही काय म्हणालात?

आजोबा: म्हटलं, चुकलं.

आई: चुकलं? तुम्ही गावात तरी होतात का? पोस्टमनकाकांचा गुडघा बघायला गेला होतात! काल दुपारी आलात तेव्हा तिच्या हाताला प्लास्टर घालून झालं होतं!

आजोबा: उड्या मीच शिकवल्या ना तिला?

आई: आणि नियमही घातला होतात. आजोबा खोलीत असल्याशिवाय उडी नाही. तुम्ही हे त्याला का नाही सांगितलंत?

आजोबा: तू का नाही सांगितलंस?

आई: मी… मी त्याला इतकंच म्हटलं, बाबांच्या त्या खेळात पडली.

आजोबा: हो, तेच वाक्य त्यानं मला ऐकवलं. चांगलं वाक्य आहे. एक शब्द खोटा नाही. धरायला गेलं तर कुठं हातच लागत नाही. तेल लावलेला पैलवान.

आई: टोमणे मारू नका.

आजोबा: टोमणा नाही. हे बघ, उभा जन्म मी हरण्याचीच नोकरी केली. मी पडलो की समोरचा मोठा दिसतो. संध्याकाळी तो येईल, दोन शब्द बोलेल, मी मान खाली घालीन, बॅग उचलीन आणि जाईन. पब्लिक खूश. तुझा संसार आहे. माझं काय, एक तांब्या नि एक पेला.

आई: आणि खारू? ती सकाळी डोळे उघडल्या उघडल्या पहिल्यांदा तुम्हाला शोधते.

आजोबा: पोरं विसरतात.

आई: मी विसरले? तुम्ही दौऱ्यावर गेलात की मी दाराशी झोपायचे. लावा पुढची कुस्ती. मला बोलायचं नाही ह्यावर.

आजोबा: लावतो. पण आता तोंड फिरवू नकोस. ही जागा बघ. आत्तापर्यंत मी कसा केकाटत होतो? मेलो रे, मोडलो रे. ते सगळं धंद्याचं. आता बघ. खांद्यावर पडलो. आणि…

आई: गप्प झालात. माहितीय मला. तोंड उघडं आणि आवाज नाही. ह्या शांततेसाठीच लोक अजून ही कुस्ती बघतात. मीच एका भागात म्हटलं होतं, साधा खेळाडू दुखणं ओरडून दाखवतो, मोठा खेळाडू ते गिळून दाखवतो.

आजोबा: फार सुंदर वाक्य.

आई: लोकांनी खूप उचलून धरलं होतं.

आजोबा: आणि साफ चूक. मी काही दाखवत नव्हतो. गळ्याखालचं हाड मोडलं होतं. खरं दुखलं की माणसाला ओरडायची आठवण राहत नाही. आता पोस्टमनकडे बघ. मला पकडीत घेतो, तोंड माझ्या कानाशी नेतो.

आई: कान चावला तेव्हा त्यांनी. सज्जन माणूस चिडला म्हणून थिएटर डोक्यावर घेतलं होतं लोकांनी.

आजोबा: कसला चावतोय! विचारतोय, ‘बरा आहेस?’ पकड असते कशासाठी? दोघांनी दम घ्यायचा आणि कानात विचारायचं. ‘हो’ आलं की पुढचा डाव. उत्तर आलं नाही की जो काही शेवट ठरला असेल तो गुंडाळायचा आणि माणसाला बाहेर न्यायचं. म्हणून तर ही कुस्ती अशी मधेच संपली. तुम्ही अभ्यासक मंडळी त्याला धक्कादायक शेवट म्हणता.

आई: इतकी वर्षं आपण ह्या कुस्त्या बघतोय. हे कधी बोलला नाहीत.

आजोबा: धंद्याची गुपितं कुणी सांगत नाही. आणि तू तरी कुठं विचारलंस? तू तारे मोजत होतीस. काय झालं? अगं, चेष्टा केली. तू रडतेस कशाला?

आई: ती गप्प झाली होती, बाबा.

आजोबा: कोण?

आई: खारू. परवा संध्याकाळी पडल्यावर. मी तिथंच टेबलाशी होते, हेडफोन लावून पॉडकास्टचा मागचा भाग एडिट करत होते. ती सारखी ‘आई बघ, आई बघ’ करत होती. मीच म्हटलं, ‘हां, मार उडी, बघतेय.’ आजोबा नाहीत, असं ती म्हणालीही. मी म्हटलं, मी आहे ना.

आजोबा: बरं.

आई: आधी खोटं खोटं ओरडली, तुमच्यासारखी, ‘मेले रे’ म्हणून. मग हातावर पडली. आणि आवाज बंद. तोंड उघडं, डोळे मोठे, हात पोटाशी. मी हेडफोन काढले. आणि बाबा, मी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. मला इतका अभिमान वाटला! एवढीशी पोर आणि दुखणं गिळून दाखवतेय. मी म्हटलं, पाच तारे!

आजोबा: पाच?

आई: पाच.

आजोबा: मला कधी साडेचारच्या वर दिले नाहीस.

आई: कुणालाच नाही दिले. आयुष्यात एकदाच दिले. तिनं मान वाकवून सलाम केला, उजव्या हातानं. डावा तसाच पोटाशी. जेवतानाही तो मांडीवरच होता. मी पाहिलं ते. मी सगळं बघते, तुम्हाला ठाऊक आहे. खिडकीची कडी दोनदा बघते, दूध मनगटावर ओतून बघते, तिला साधी शिंक आली तरी थर्मामीटर काढते. आणि तो हात बघून मनात म्हटलं, काय भूमिका धरून ठेवलीय पोरीनं! सकाळी मनगट टम्म सुजलेलं.

आजोबा: म्हणजे रात्रभर…

आई: रात्रभर. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ‘कधी पडली? रात्री फार रडली का?’ मी म्हटलं, आत्ताच पडलीय, सकाळी. त्यालाही तेच सांगितलं. तुमचं नाव पुढे केलं म्हणजे वेळ कुणी विचारणार नाही.

आजोबा: जरा पाणी आण.

आई: मला नकोय.

आजोबा: मला हवंय.

आई: हे घ्या. बोला काहीतरी. शिव्या द्या.

आजोबा: काय बोलू? पडायचं कसं ते सगळं शिकवलं तिला. हनुवटी, तळवे, गुडघे. कानात विचारायचं शिकवलंच नाही. म्हटलं, तिच्यासमोर कोण आहे विचारायला, उशाच तर आहेत.

आई: तुम्ही पुन्हा स्वतःवर घेताय.

आजोबा: सवय. ऐक, तरीही माझं तेच म्हणणं आहे. तो दमून येणार. त्यात हे सगळं ऐकवून काय मिळणार? मला दोष देऊन मोकळा होईल. तुला दिला तर रोज एकाच ताटासमोर बसायचंय तुम्हाला.

आई: तेच तर सकाळपासून मलाही पटत होतं. मघाशी तुमची बॅग दिसली आणि मला बरं वाटलं, बाबा. क्षणभरच. पण वाटलं.

खारू: मला सोडून बघताय!

आजोबा: आले, पैलवान आले. हात सांभाळ, दाराला लागेल.

आई: उठलीस कशाला? हाक मारायची ना मला. दुखतंय का?

खारू: जड आहे. आजोबा, कोळसा हरला?

आजोबा: नेहमीसारखा. झोकात हरला.

आई: खारू, इकडे ये, मांडीवर. एक विचारू? त्या दिवशी उडी मारलीस आणि हात दुखला, तेव्हा मला सांगितलं का नाहीस?

खारू: सांगणार होते.

आई: मग?

खारू: तू पाच दिलेस ना. मग मी रडले असते तर चार झाले असते. रात्री पण नाही रडले. थोडंसंच, उशीत. ते मोजतात का?

आजोबा: नाही गं राणी. ते कुणी मोजत नाही.

खारू: आई, तू तारे काढून घेणार?

आई: नाही. पण ते तारे मी चुकून दिले. खरं दुखत असताना तारे द्यायचे नसतात. आधी विचारायचं असतं. मी विचारलं नाही. तुझं काही चुकलं नाही, माझं चुकलं.

खारू: कसं विचारायचं?

आजोबा: पोस्टमन विचारायचा तसं. कान दे. असं तोंड जवळ न्यायचं आणि हळूच म्हणायचं, ‘बरी आहेस?’

खारू: मिशा टोचतात!

आजोबा: टोचू देत. उत्तर दे. खरं द्यायचं हं, इथं खोटं चालत नाही.

खारू: दुखतंय. इथं, आणि खाजतंय पण. आणि तुमची बॅग दारात आहे. तुम्ही कुठं जाताय?

आजोबा: मी? मी जरा… बेल वाजली वाटतं.

खारू: पप्पा आले!

आजोबा: बस तू. मी उघडतो. पहिल्या शिव्या मला खाऊ दे, माझी कातडी जाड आहे.

आई: बाबा, ती बॅग उचला आणि आत तुमच्या कपाटात ठेवा.

आजोबा: वेडेपणा करू नकोस.

आई: मी सांगते त्याला. कधी पडली, कुणी उडी मार म्हटलं, कुणी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरीणबाईंनाही सांगेन. सगळं.

आजोबा: पुन्हा वाजली. चिडेल तो. उठू का?

खारू: आई, थांब. कान दे.

आई: हं.

खारू: बरी आहेस?

आई: नाही गं, पिल्ला. पण दार मीच उघडते.