चौदावा मुद्दा : गवत

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं. गॅसच्या मुख्य पाइपलाइनीला लागून असलेल्या कॉलनीतलं शेवटचं घर. पुढच्या खोलीत शिवणयंत्र, यंत्राला मोटर, मोटरचं बटण भिंतीवर. बटण दाबलं गेलं. एक बाई गेल्या, शेजारची दोन घरं गेली... आणि चौकशी समिती विचारतेय काय, तर गवत कसं होतं?

गवत! तुम्हाला सांगतो, सात महिने झाले, चार बैठका झाल्या, आणि दर बैठकीत पहिला प्रश्न गवताचा. स्फोट कसा झाला ते नंतर, बाई कोण होत्या ते त्याहून नंतर, आधी गवत. आणि फाइलीतला कुठलाही कागद उघडा, उत्तर एकच. गवत हिरवं होतं.

हसताय ना? हसा. पण त्यासाठी आधी गवत्या कोण ते कळायला हवं. गवत्या म्हणजे त्या बाईंचा धाकटा भाऊ. पाइपलाइन कंपनीत चालायला होता. हो हो, चालायला. नोकरीच ती. पाइप जमिनीत पुरलेला, त्याच्यावर मोकळा पट्टा, त्या पट्ट्यावरून रोज नऊ किलोमीटर चालायचं आणि बघायचं, कोणी खणतंय का, कोणी शेड ठोकतंय का. एकवीस वर्षं. त्याची बायको म्हणायची, लोक चालून कुठंतरी पोचतात, आमचे हे चालतात आणि जेवायला घरी येतात.

आता तुम्ही म्हणाल, गॅस गळला तर वास येईलच की. नाही येत! तिथंच तर सगळा घोळ आहे. तुमच्या स्वयंपाकघरातल्या गॅसला वास असतो, कारण शहरात सोडण्याआधी तो मुद्दाम मिसळलेला असतो. त्या मुख्य लाइनीतला गॅस कोरा. नाकापाशी आला तरी पत्ता लागायचा नाही. मग चालणाऱ्या माणसाला कळावं कशावरून? गवतावरून. खाली गळती झाली की मातीतली हवा हटते, मुळं गुदमरतात आणि वरचं गवत पिवळं पडतं. हिरव्या पट्ट्यात आधी बशीएवढा गोल, मग ताटाएवढा, मग... गवत्याला ज्यानं काम शिकवलं त्या म्हाताऱ्या मुकादमानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, नाक घरी ठेवून यायचं, नजर गवतावर. हा इतका मन लावून गवत बघायचा की नावच पडलं.

आणि सरकारला हे माहीत नव्हतं असंही नाही हं! पाइपलाइनींच्या सुरक्षिततेवर देखरेख ठेवणारं एक अख्खं कार्यालय आहे, त्यांचा निरीक्षक वर्षातून एकदा येतो, त्याच्या हातात एकतीस मुद्द्यांचा तक्ता असतो आणि त्यातला चौदावा मुद्दा असा : ‘पट्ट्यावरील गवत हिरवे आहे काय? होय / नाही.’ कधीकाळी कोणा शहाण्या माणसानं, स्वतः चार पावलं चाललेल्या माणसानं, तो मुद्दा घातला असणार. पुढं तो निवृत्त झाला आणि जाताना त्यामागचं कारण बरोबर घेऊन गेला. प्रश्न तेवढा मागे राहिला.

तर त्या वर्षी तपासणीला सोळा दिवस असताना गवत्याला पिवळा गोल दिसला. ताटाएवढा. कुठं? त्याच्या ताईच्या मागच्या भिंतीपासून वीस पावलांवर. गुडघ्यांवर बसला, हात लावला, गवत कोरडं, मुळासकट हातात आलं. त्यानं रोजच्या वहीत लिहिलं, खाली सही केली आणि वही घेऊन सुपरवायझरकडे गेला.

सुपरवायझर वाईट माणूस नाही बरं का, गवत्याच्या मुलीच्या लग्नात पंगतीत वाढत होता तो. पण वही वाचून त्यानं कपाळाला हात लावला. म्हणाला, "अरे गवत्या, तपासणी तोंडावर आलीय आणि तू मला पिवळं दाखवतोस? चौदाव्या मुद्द्यात नापास करतोस का आम्हाला?"

गवत्या म्हणाला, गळती शोधायचं यंत्र मागवा. त्यावर सुपरवायझरनं त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि समजावलं, की यंत्र मुख्यालयात असतं, मागितलं की वरचे विचारतात कशाला, गळतीचा संशय लिहिला की लाइनीतला दाब कमी करावा लागतो, दाब कमी केला की पुढचे कारखाने बोंबलतात, तेव्हा तपासणी तेवढी पार पडू दे, मग यंत्रच यंत्र. आणि दुसऱ्या दिवशी पट्ट्यावर आलं काय? लॉन. सतरंजीसारख्या गुंडाळलेल्या तयार लॉनच्या वळकट्या, आणि बरोबर ठेकेदाराचा एक माळी, त्याला जागाच माहीत नाही. मग जागा दाखवली कोणी? गवत्यानं. पिवळं उपटलं कोणी? गवत्यानं. नवं अंथरलं, कडा जुळवल्या, सांध्यावर पाय दाबत दाबत फिरला, झारीनं पाणी घातलं. आणि एकवीस वर्षं गवत बघितलेला माणूस तो, त्यानं ते असं बेमालूम बसवलं की दुसऱ्या दिवशी सांधा कुठं आहे ते त्याचं त्याला सापडेना. गवत हिरवं होतं.

बारा दिवसांत ते परत पिवळं पडलं. या वेळी खाटेएवढं. परत वळकट्या आल्या.

आता ताई. ताई शाळेचे गणवेश शिवायची. नवरा जाऊन वर्षं झाली होती, यंत्रावर दोन मुली शिकवल्या, लग्नं करून दिली, आणि बोलायला लागली की कात्रीपेक्षा जीभ पुढं. मागच्या खिडकीतून बघत म्हणाली, "काय रे, तुझ्या गवताला कावीळ झालीय आणि तू त्याला नवे कपडे चढवतोस?" गवत्यानं झारी उचलली आणि गेला.

निरीक्षक आले. गाडी पट्ट्याच्या कडेला थांबली, काच खाली झाली. साहेबांनी विचारलं, हिरवं आहे ना? सुपरवायझर म्हणाला, डोळ्यांना गारवा वाटतो साहेब. खूण झाली. अहवालात वेगळा शेरा : ‘पट्ट्याची निगा अनुकरणीय.’ मग सुपरवायझरनं शब्द पाळला, खरंच पाळला, यंत्राची मागणी पाठवली. वरून उत्तर आलं, ताज्या तपासणी अहवालाची प्रत जोडावी. जोडली. परत उत्तर आलं, ‘गवत हिरवे असताना यंत्राचे प्रयोजन काय?’

आता बोला! मागणी फेटाळली गेली ती गवत्याच्या स्वतःच्या हातच्या गवतावर.

तिसऱ्यांदा लॉन आलं ते अनुकरणीय निगेचं प्रमाणपत्र द्यायला वरची मंडळी येणार म्हणून. त्या दिवशी गवत्या वळकटी तिथंच टाकून ताईच्या दारात जाऊन बसला आणि सगळं सांगितलं. वहीत काय लिहिलं, यंत्र का येत नाही, पिवळं म्हणजे काय. ताईनं शिवणयंत्र थांबवलं. तोंडातल्या टाचण्या एकेक काढून उशीला टोचल्या. मग म्हणाली, "मीसुद्धा ठिगळ लावते रे. पण गिऱ्हाइकाला सांगून लावते." आणि हातातला गणवेश बाजूला ठेवत, "मग काय, घर सोडू का मी?"

गवत्या म्हणाला, "नको ताई. आठवड्याभरात काहीतरी होईल. खिडक्या उघड्या ठेव."

हे वाक्य तो आता कोणीही न विचारता सांगतो. चहाच्या टपरीवर सांगतो, बसमध्ये शेजारी बसलेल्याला सांगतो. घर सोड म्हणालो असतो तर ती माझ्याच घरी आली असती, म्हणतो, खोली रिकामीच होती.

ताई म्हणाली, तू नोकरी सांभाळ, फोन मी करते. आणि केला, थेट देखरेख कार्यालयाला. पलीकडून विचारलं, वास येतोय? नाही. आवाज? नाही. मग गळती कशावरून म्हणता? गवतावरून. "बाई, हा गॅसचा विभाग आहे, बागांचा वेगळा." पण ताई कसली फोन ठेवतेय! तक्रार क्रमांक घेऊनच थांबली, मापांच्या वहीत खडूनं लिहून ठेवला. आमचा माणूस तुमच्याशी फोनवर बोलेल, असं पलीकडचा म्हणाला. म्हणून ताई फोन उशाशी घेऊन झोपायची, यंत्राशेजारी घेऊन बसायची, आंघोळीला गेली तर शेजारणीच्या हातात देऊन जायची. आठ दिवस. शाळा उघडायला आल्या होत्या, साठ गणवेश बाकी होते, आणि हिची कात्री दर वेळी अर्ध्यावर थांबायची, फोन वाजला का म्हणून.

नवव्या दिवशी नऊ वाजून दहा मिनिटं. खिडक्या उघड्याच होत्या. गॅस फरशीखालून आला.

गवत्या तेव्हा तीन किलोमीटरवर होता. आवाज ऐकला, धूर कुठल्या बाजूला आहे ते बघितलं आणि पळत सुटला. त्याच्या कमरेला कंपनीचं यंत्र असतं, माणूस खरंच चालतोय की झाडाखाली बसलाय ते कळावं म्हणून. ते सारखं वाजत होतं. ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेग, म्हणून. चौथ्या दिवशी त्याला मेमो मिळाला, त्या दिवशीची उरलेली फेरी पूर्ण का केली नाही याचा खुलासा करावा.

समितीपुढं सुपरवायझर म्हणाला, गवत हिरवं होतं. निरीक्षक म्हणाले, गवत हिरवं होतं, अहवाल सोबत आहे. मग गवत्या उभा राहिला, टेबलाची कड धरून, आणि म्हणाला, "साहेब, ते हिरवं होतं कारण ते मी आणून लावलं होतं."

अध्यक्षांनी चष्मा वर केला. "म्हणजे हिरवं होतं हे तुम्हाला मान्य आहे?"

टंकलेखिकेनं लिहूनसुद्धा घेतलं. साक्षीदारास मान्य.

ताईची तक्रार? कार्यालय आधी म्हणालं, अशी तक्रारच नाही. गवत्यानं क्रमांक दिला, तो शेजारणीला पाठ होता, ताईच्या तोंडून रोज ऐकून ऐकून. मग चार महिने हेलपाटे, अर्ज, अर्जाची पोच, पोचेची प्रत... आणि पाच आठवड्यांपूर्वी त्याच्या हातात त्या नोंदीची नक्कल पडली. तक्रार क्रमांक बरोबर. नाव ताईचं. पत्ता बरोबर, म्हणजे जिथं आता खड्डा आहे तो. आणि पुढं शेरा : ‘तक्रारदाराशी दूरध्वनीवर सविस्तर बोलणे झाले. तक्रारदाराचे समाधान झाले. तक्रार बंद.’ खाली तारीख. स्फोटानंतरचा अकरावा दिवस.

गवत्यानं कागदाची घडी घातली आणि समितीला साध्या कागदावर एक अर्ज दिला, की ज्यानं हा फोन केला त्याला एकदा समोर बोलवा, ती काय म्हणाली तेवढंच मला ऐकायचंय. अर्जाची पोच मिळालीय, शिक्क्यासकट. त्या माणसाला अजून कोणी बोलावलेलं नाही.