प्रत्येक शिवीमागे एक ‘पो’

फिलिपिन्समधल्या मालाबोनच्या जुन्या टॉकीजबाहेर दुपारच्या रांगेत लिवायवाय उभी होती. तिथं पुन्हा लागलेल्या जुन्या सिनेमाची गाणी तिच्या वडिलांनी लिहिली होती. मागच्या महिन्यात ते गेले, पण ‘पडेल सिनेमाचा कवी’ ही थट्टा शेवटपर्यंत त्यांना चिकटून राहिली. तिच्या पुढे एक म्हातारं जोडपं भांडत होतं.

“नुसता धिंगाणा आहे हा सिनेमा, क्लेमेन,” म्हातारा म्हणाला. “महापौर दिसला की कोळी नाचायला लागतात!”

“नाचता नाचता शिव्या देतात, इस्को.”

“प्रत्येक ओळीला ‘पो’ लावून? ‘पो’ आपण मोठ्या माणसांना मानानं लावतो.”

“तीच तर गंमत! ‘मासळी आमची खाल्लीत, पो, आता जाळंही खा, पो!’ सेन्सॉरवाले म्हणाले, काय संस्कारी गाणं! आणि पास केलं.”

“हा अर्थ तुला कुणी सांगितला?”

“सांगायला कशाला हवं? चाळीस वर्षं तुलाही ‘पो’ म्हणतेय, तुला तरी कुठं कळलं?”

इतक्यात एक नगरसेवक रांग सोडून थेट तिकीट खिडकीशी गेला. इस्कोनं त्याच्याकडे पाहिलं, घसा खाकरला आणि सूर लावला.

“रांग आमची खाल्लीत, पो...”

“आता खिडकीही खा, पो!” मागून लिवायवाय गायली.

सगळी रांग गाऊ लागली. नगरसेवकानं वळून छातीवर हात ठेवला आणि हसून सगळ्यांचे आभार मानले.

“बघितलंस, इस्को? अगं पोरी, चाल पाठ आहे की तुला!”

“घरचंच गाणं आहे, पो.”