सोमवारचे ब्रेक

(पानाचं गॅरेज.)

भाऊजी : ...म्हणजे टर्बोवाली नको म्हणतोस.

पाना : नुसती ऑफिसला न्यायची असेल तर खुशाल घ्या. रेसच्या ट्रॅकवर चार फेऱ्यांत तापते ती. मग बसा बॉनेट उघडून वारा घालत.

भाऊजी : आणि ती लाल, दोन सीटवाली? जुनी आहे, पण इंजिन म्हणे दमतच नाही.

पाना : इंजिनाला नाव ठेवायला जागा नाही. वजनाला हलकी, त्यामुळे टायर नि ब्रेक पण लवकर खात नाही. डिकीत मात्र एक बॅग जेमतेम मावेल.

भाऊजी : मला हेच पाहिजे. आठवडाभर गुमान ऑफिसला यायची, रविवारी ट्रॅकवर पळायची. खिशाला परवडणारी आणि भरवशाची. मागच्या गाडीसारखा दगा नको.

पाना : मागच्या गाडीने काय दगा दिला, भाऊजी?

भाऊजी : दगा म्हणजे... गाडीचं जाऊ दे. चालवणाऱ्याचंही असतंच ना काही. तुझी बहीण आहे म्हणून मी कधी बोललो नाही.

पाना : तुमच्या आई बोलतात की. परवा माझ्यादेखत शेजारणीला सांगत होत्या, सुनेला ब्रेक कुठला नि अ‍ॅक्सिलरेटर कुठला ते कळत नाही.

भाऊजी : म्हाताऱ्या माणसाचं काय मनावर घेतोस.

पाना : ती ठोकलेली गाडी न्यायला आज भंगारवाला येणार होता. म्हटलं, चाकं तरी काढून ठेवावीत. म्हणून काल उघडली.

भाऊजी : बरं. मग?

पाना : आत ट्रॅकचे ब्रेक पॅड होते. रोजचे डिकीत सापडले, पिशवीत गुंडाळलेले. त्या रविवारी ट्रॅकवरून आलात आणि बदललेच नाहीत.

भाऊजी : दमलो होतो रे. म्हटलं, उद्या संध्याकाळी बदलू.

पाना : आणि सोमवारी सकाळी ताई तीच गाडी घेऊन पार्लरला निघाली. ते पॅड तापल्याशिवाय धरत नाहीत, हे तुम्हाला मीच सांगितलं होतं. घराबाहेर पडल्या पडल्या तो उतार, खाली भिंत. सकाळचा पहिलाच ब्रेक.

भाऊजी : हळू बोल. ती बाहेरच आहे.

पाना : तुम्हाला माहीत होतं?

भाऊजी : हॉस्पिटलात पोचेपर्यंत लक्षात आलं होतं.

पाना : आणि एवढे महिने तोंडात मिठाची गुळणी?

भाऊजी : मी सांगणारच होतो. पण शुद्धीवर आल्या आल्या तीच म्हणाली, चुकलं माझं, पाय घसरला असेल. मी काही तिच्या तोंडात शब्द घातले नाहीत.

पाना : काढलेही नाहीत.

(ताई आत येते. उजवा हात अजून गळ्यातल्या पट्ट्यात अडकवलेला.)

ताई : मी आल्यावर गप्प का झालात? मी काही खोड काढायला आले नाही. घ्या हवी ती गाडी. मी आपली बसने जाईन.

पाना : ताई, बस जरा. भाऊजींना काहीतरी सांगायचंय.

भाऊजी : घरचं घरी बोलू.

ताई : हा काय परका आहे? बोला.

पाना : ते नाही बोलायचे, मीच सांगतो. त्या सकाळी गाडीत ट्रॅकचे ब्रेक होते. यांनी बदललेच नव्हते. थंड असताना ते धरत नाहीत, कितीही जोरात दाबले तरी.

ताई : पण रस्त्यावर टायर घासल्याची खूण नव्हती. सगळे म्हणाले, हिने दाबलाच नसणार.

पाना : चाक अडलंच नाही, तर खूण कुठून उमटणार?

ताई : म्हणजे मी दाबला होता.

पाना : दाबला होतास, ताई.

ताई : अजून झोपेत पाय मारते मी. पलंगाला लागून अंगठा काळा पडलाय. आणि हे मला थोपटतात. होतं असं, म्हणतात. अहो, तुम्ही मला थोपटत होतात.

भाऊजी : तुला धीर यावा म्हणून. हे बघ, मुद्दाम कुणी करतं का? राहून गेलं एक काम.

ताई : ब्रेकचं राहून गेलं, ते मी सोडून दिलं असतं. कात्री धरवत नाही, पार्लर बंद पडलं, तेही गिळलं असतं. पण ‘तुमच्या मुलाची लाडकी गाडी मी मोडली’ म्हणत मी आईंची रडत माफी मागितली. तेव्हा तुम्ही तिथेच बसून बूट घालत होतात.

भाऊजी : मग आता मी काय करू? तूच सांग.

ताई : आईंना फोन लावा. इथूनच, माझ्यासमोर.

भाऊजी : आत्ता? जेवत असेल ती.

ताई : जेवू द्या. मला पचवायला लागलं, त्यांनाही पचेल.

पाना : लावा, भाऊजी.

भाऊजी : लावतो ना. ...हॅलो, आई? जेवलीस का? ...हो, पानाकडेच आहोत, गाडी बघतोय. ...नाही, अजून ठरलं नाही. ...आहे ना, इथेच आहे, समोर बसलीये. ...नाही गं आई, ती नाही चालवणार. तू घाबरू नकोस.