चाड्यावरची मूठ

मंडळी, एक सांगा. शेतकऱ्याचं पोर शेतात का टिकत नाही? बोला की! आता कसे गप्प! पारावर बसलं की लई बोलता, "मोबाईलनं बिघडली पोरं!" बरं, बिघडली म्हणू. पण जे पोर शेतात राहिलं, ते कशानं राहिलं? त्याचा मोबाईल काय विहिरीत पडला होता? हसू नका माई, ऐका!

बोरखडी नावाचं गाव. तिथं लिंबाजी आणि त्याची बायको गयाबाई. काळी कसदार जमीन, एक बैलजोडी आणि एकुलता एक लेक, वैजनाथ. सगळे त्याला वैजू म्हणायचे. वैजूचं आयटीआय झालेलं. शहरात एका कारखान्यात जागाही मिळाली होती, दसरा झाला की जायचं. आई खूश, मामा खूश. आणि वैजू? वैजूला विचारलंय कुणी!

खरं सांगू? वैजूचा जीव शेतात होता. पण शेतात त्याला मान काय? "वैजू, पाणी आण! वैजू, बैल सोड! वैजू, बाजूला हो, तुला जमायचं न्हाई!" अहो, सालगड्यालासुद्धा माणूस विचारतो, का रं, ओल पुरंल का? पोराला नाही विचारत! लिंबाजी मनाचा वाईट नव्हता हो. पण जीभ! जीभ म्हणजे लवंगी मिरची.

त्या वर्षी ज्वारीची पेरणी आली अन् नेमका गयाबाईचा हात मुरगळला. पंचाईत! तिफणीच्या चाड्यावर मूठ धरायचं काम तिचं. चाडं म्हणजे — शहरातल्या पाहुण्यांसाठी सांगतो — तिफणीवरची लाकडी वाटी. तिच्यात मुठीनं बी सोडायचं, ते तीन नळ्यांतून खाली तीन तासांत, म्हणजे ओळींत, पडतं. सोपं वाटतं ना? करून बघा!

गयाबाई म्हणाली, "वैजूला धरू द्या की मूठ."

"त्याला? त्याला काय कळतंय!"

"मग तुम्हीच धरा मूठ अन् तुम्हीच हाका बैल!"

लिंबाजीनं बियाची पिशवी लेकापुढं ठेवली. बायकोपुढं कोण बोलतंय? तुम्ही बोलता? न्हाई ना!

वैजूनं ओटीत बी घेतलं, मातीला हात लावून कपाळाला लावला अन् पहिली मूठ सोडली. अंगावर काटा आला त्याच्या! याच रानात लहानाचा मोठा झाला, पण त्याच्या हातून या मातीत आजच काही पडत होतं. दिवसभर गडी त्याच आनंदात. अन् तिथंच फसला! रानाच्या खालच्या अंगाला ओल जास्त. एक नळी चिखलानं बुजली. चाड्यात बी तुंबायला लागलं. जाणत्यानं तिफण थांबवून नळी मोकळी केली असती. आमच्या शहाण्याला वाटलं, आपलीच मूठ सैल पडतेय. त्यानं मूठ आवळली! लिंबाजीचं लक्ष बैलांकडं. पेरणी उरकली.

आठवड्यानं ज्वारी उगवली. वरच्या अंगाला हिरवंगार. अन् खाली? दोन तासं हिरवी, तिसरं कोरं! दोन हिरवी, तिसरं कोरं! आणि रान कुठं? भर रस्त्याच्या कडेला! मंडळी, एक वेळ चोरी लपेल, पेरणीतली चूक लपत नाही.

वैजू बांधावर उभा. तोंड उतरलेलं. मनात म्हणतोय, झालं! आता आबा सोलणार. दसऱ्याची वाट तरी कशाला बघायची, उद्याच पिशवी भरतो अन् जातो!

तेवढ्यात रस्त्यानं महिपतीतात्या आले. गावाला नावं ठेवायचं काम यांच्याकडं. असा एक तात्या प्रत्येक गावात असतो. इथंही असेल, मागं खांबाला टेकून बसला असेल!

तात्या ओरडले, "लिंबाजी! अरं हे रान हाय का फाटकं धोतर? कुणी पेरलं रं हे?"

लिंबाजीनं तोंड उघडलं. वैजूला वाटलं, आली शिवी! पण लिंबाजीची नजर लेकाकडं गेली. पोराचा चेहरा बघितला अन् शिवी गिळली. म्हणाला,

"मालकानं पेरलं, तात्या."

"मालकानं? म्हंजी तूच की!"

"म्या गडी. बैलं हाकाया होतो. मालक त्यो बघा, बांधावर उभा हाय!"

तात्यांनी धोतराचा सोगा धरला! गेले निघून. लिंबाजी लेकाजवळ आला अन् म्हणाला, "मालक, ओल हाय अजून. नांग्या भरायच्या का?" नांग्या भरायच्या म्हणजे रिकाम्या जागी पुन्हा बी टोकायचं.

वैजूचे डोळे भरले. तरी म्हणतो कसा, "भरू की आबा. पण आधी त्या कोपऱ्यातून चर काढू. पाणी साचतंय तिथं."

"तू म्हणशील तसं!"

दसरा आला, गेला. कारखान्यातून बोलावणं आलं. वैजूनं कळवलं, रानात काम आहे, जमायचं नाही. तुम्ही म्हणाल, बुवा, मग खंडीभर ज्वारी झाली असेल? नाही हो! बरी झाली, खाऊन-पिऊन थोडी उरली. पण वैजू राहिला!

आता तुमच्याकडं वळतो. पळता कुठं? शेतीची गोडी भाषणानं लागत नाही, बाबांनो. हातात दिल्यानं लागते. अन् चुकलं तरी हातातलं काढून न घेतल्यानं टिकते. "बुवा, पोरानं नुकसान केलं तर?" अहो, पहिल्या वर्षी तुम्ही काय दिवे लावले होते, ते तुमच्या बापाला ठाऊक! घरी जा, पोराला विचारा — आणि पोरीलाही, माईंनो! — "औंदा काय पेरायचं?" एवढं विचारा, अन् त्यांचं सांगून होईपर्यंत तोंड उघडू नका. अगदीच राहवलं नाही, तर त्या तोंडानं एवढंच म्हणा, विठ्ठल! आत्ताच सवय करा — म्हणा, विठ्ठल, विठ्ठल!