बाबांची लोहडी

काय सांगू गा, लोहडीले आमच्या बाबांनी कमालच केली! शेजारच्या सरदारजींच्या घरी नव्या सुनेची पहिली लोहडी होती. अंगणात लाकडं पेटली, ढोल सुरू झाला. आग दिसल्याबरोबर बाबांचा हात सवयीनं तोंडावर गेला आन् त्यांनी होळीत मारतात तशी सणसणीत बोंब मारली!

ढोल बंद. अमृतसरहून आलेल्या सुनेच्या मामांना वाटलं, कोणी भाजलं. ते बादली घेऊन धावत आले आन् अख्खं पाणी बाबांवर ओतलं!

मी ओरडलो, "बाबा, काहून बोंबलून राहिले? हे लोहडी आहे, होळी नाही!"

बाबांनी कुडकुडत चष्मा पुसला. "आग झाली, बोंब झाली, पाणी बी झालं. आता रंग तेवढा आण!"